डाव संपला, प्रेशर ठेवायचं की सोडायचं?

पेंटबॉलचा एक डाव फार तर दहा-पंधरा मिनिटं चालतो. मग सगळे जाळीबाहेर येतात, मुखवटे काढतात, पाणी पितात, कोणी कोणाला कुठून टिपलं यावर हुज्जत घालतात, आणि पुढच्या डावाची शिट्टी होईपर्यंत मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका, टेबलावर पडून राहतात. या मधल्या वेळात मार्करमधलं प्रेशर तसंच राहू द्यावं की दर वेळी सोडून द्यावं, या साध्या प्रश्नावर इतक्या वर्षांत एकमत झालेलं नाही. काही मैदानांवर टाकी काढल्याशिवाय बसायच्या जागेत पाऊल टाकू देत नाहीत. काही ठिकाणी उलट, गिऱ्हाइकाने टाकीला हात लावला की मार्शल, म्हणजे मैदानावरचा पंच, ओरडतो. स्पर्धा खेळणारे सकाळी टाकी लावतात ती हवा संपेपर्यंत काढत नाहीत. घरून स्वतःचा मार्कर आणणारा हौशी खेळाडू मात्र दर डावानंतर फुस्स करून सगळं रिकामं करतो आणि त्यातच शहाणपण आहे असं मानतो. दोन्ही बाजूंना मुरलेली माणसं आहेत. अडचण अशी की ती बरेचदा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एक जण यंत्राचं काय होईल ते सांगतो, दुसरा शेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्याचं.

मुळात प्रेशर असतं कुठे कुठे, हे आधी पाहायला हवं. एक तर टाकीत. हवेची टाकी ॲल्युमिनियमची असेल तर 3000 पीएसआयपर्यंत भरते, कार्बन फायबर गुंडाळलेली असेल तर 4500 पर्यंत. टाकीच्या तोंडाशी बसवलेला रेग्युलेटर ते साधारण 800 वर आणतो. काही रेग्युलेटर 450 किंवा 300 वरही आणतात. टाकी मार्करच्या खालच्या सांध्यात फिरवत बसवली की तिच्या तोंडातली बारीक पिन दाबली जाते आणि हवा मार्करमध्ये शिरते. तिथे बहुतेक इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये आणखी एक रेग्युलेटर असतो, तो प्रेशर पुन्हा खाली आणून बोल्टकडे सोडतो. स्वयंपाकघरात सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला तरी शेगडीपर्यंतच्या नळीत थोडा गॅस उरतोच, तसंच इथे. सांध्यावरचा हवा चालू-बंद करायचा खटका बंद केला, किंवा अख्खी टाकी काढून बाजूला ठेवली, तरी मार्करच्या पोटात हवा शिल्लक असते, आणि तेवढ्या हवेवर एक गोळी तरी नक्की सुटते, कधी कधी चार-पाच. गोळी 0.68 इंच व्यासाची, तीन ग्रॅमच्या आसपास वजनाची. सेकंदाला 300 फूट ही सर्वमान्य कमाल वेगमर्यादा धरली तर ती साडेबारा ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. जाड कपड्याआडूनही त्याने अंगावर निळा डाग पडतो. उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो.

म्हणजे ‘प्रेशर सोडलं’ असं कोणी म्हणतो तेव्हा त्याने खटका बंद केला असेल, टाकी काढली असेल किंवा टाकी काढून मार्करही पूर्ण रिता केला असेल. या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि या विषयावरची निम्मी भांडणं हा फरक न करण्यातून होतात.

27 जून 1981 रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावच्या जंगलात बारा जण पहिला डाव खेळले, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडायचं कारणच नव्हतं. त्यांच्या हातात नेल्स्पॉट 007 होतं. तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या जनावरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून नेल्सन पेंट कंपनीने विकायला आणलेलं हे पिस्तूल बारा ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालायचं. कुपीला एकदा भोक पाडलं की ती पुन्हा बंद होत नाही. प्रेशर सोडणं म्हणजे कुपी फेकणं, म्हणून ती संपेपर्यंत पिस्तूल भरलेलंच राहायचं. (त्या दिवशी जिंकलेल्या रिची व्हाइटने एकही गोळी न झाडता सगळी निशाणं गोळा केली होती, त्यामुळे त्याला तर कुपीची फिकीर करायची गरजच पडली नसावी.) पुढे पिनवाल्या मोठ्या टाक्या आल्या, 1990 च्या दशकात दाबलेली हवा आणि इलेक्ट्रॉनिक मार्कर आले, आणि टाकी लावणं-काढणं हाताच्या पंजाचं काम झालं. ठेवायचं की सोडायचं हा पर्याय तेव्हापासूनचा.

आता यंत्राची बाजू. प्रेशर ठेवण्याविरुद्ध नेहमी ऐकू येणाऱ्या तक्रारी म्हणजे स्प्रिंग दमते, ओ-रिंग चेपून जाते आणि रेग्युलेटर खराब होतो. स्प्रिंगची तक्रार फारशी टिकत नाही. नीट निवडलेल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर तासा-दोन तासांत तिचं काही बिघडत नाही. ती झिजते ती हजारो वेळा दाबली-सुटल्याने. ओ-रिंगचं तर उलटंच आहे. रबराचं ते कडं खाचेत बसतं आणि हवेचा दाबच त्याला फटीकडे रेटून गळती थांबवतो. दाब हे तिचं रोजचं काम. ती खराब होते ती घासून, कोरडी पडून किंवा वाळूचा कण अडकून. त्यामुळे डावांमधली पंधरा मिनिटं प्रेशर ठेवल्याने मार्करचं आयुष्य कमी होतं, हे म्हणणं मला पटत नाही.

रेग्युलेटरची तक्रार मात्र वेगळी आहे आणि तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. रेग्युलेटरच्या आत एक बारीक आसन असतं. ठरलेलं प्रेशर झालं की त्यावर पिस्टन किंवा पिन टेकते आणि हवा थांबते. या आसनावर ओरखडा असेल, कचरा बसला असेल, तर हवा पूर्ण थांबत नाही, मुंगीच्या पावलाने सरकत राहते. गोळ्या सुटत असतात तेव्हा हे कळत नाही, कारण जास्तीची हवा दर गोळीबरोबर निघून जाते. मार्कर नुसता पडून राहिला की मात्र पुढच्या बाजूचं प्रेशर हळूहळू चढतं. वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर पहिली गोळी वेगमर्यादेच्या वर जाते ती यामुळे. वेग मोजायचा क्रोनोग्राफ सकाळी दाखवलेला असतो, तेव्हा सगळं बरोबर होतं. आणि नंतरची दुसरी-तिसरी गोळी पुन्हा मर्यादेत येते, त्यामुळे गोळी लागलेला कळवळून तक्रार करतो आणि मार्शल तपासतो तेव्हा काहीच सापडत नाही. याच्या उलटही घडतं. स्पूल जातीच्या मार्करमध्ये थोडा वेळ थांबलं की बोल्टवरच्या ओ-रिंग जागेवर चिकटतात आणि पहिली गोळी मंद सुटते. ती धोक्याची नाही, पण समोरचा हातून सुटतो.

या दुखण्यावर प्रेशर सोडणं हा उपाय आहे का? निम्माशिम्मा. डावांमध्ये खटका बंद करून मार्कर रिता केला तर चढायला प्रेशर उरत नाही, हे खरं. पण रेग्युलेटरचं आसन तसंच खराब राहतं, आणि पुढे डावातच आडोशामागे पाच मिनिटं दबा धरून बसलात तर तेच होतं. खरा उपाय आसन बदलण्याचा, आणि ते बदलायची वेळ आली आहे हे कळतं कसं, तर मार्कर भरलेला ठेवूनच. गेजवर नजर टाकून तो टेबलावर ठेवा. दहा मिनिटांनी काटा वर गेला असेल तर रेग्युलेटर बघायला हवा. खटका बंद करून ठेवल्यावर काटा खाली आला असेल तर पुढे कुठेतरी गळती आहे. दर डावानंतर सगळं रितं करणाऱ्याला हे दोन्ही रोग स्पर्धेच्या दिवशीच समजतात.

हे सगळं झालं हवेचं. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीचं गणित निराळं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर ते नीट समजून घ्यायलाच हवं. टाकीत हा वायू द्रवरूपात असतो आणि त्याचं प्रेशर तापमान ठरवतं. शून्य अंशाला 35 बार, वीसला 57, तीसला 72. एकतीस अंशांच्या थोडं वर गेलं की द्रव आणि वायू हा भेदच संपतो आणि पुढे प्रेशर किती चढेल ते टाकी किती भरली आहे यावर ठरतं. नियमाने टाकीत मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या 68 टक्केच भरतात. तेवढ्याच भरलेल्या टाकीतही 45 अंशांना प्रेशर सव्वाशे बारच्या आसपास जातं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हे तापमान सावलीत मिळतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. भरताना हात सैल सुटला असेल तर टाकीच्या तोंडाशी बसवलेली पातळ सुरक्षा चकती फुटते आणि सगळा वायू भसकन बाहेर पडतो. चकती त्यासाठीच असते, ती टाकीला वाचवते. पण टाकी मार्करला लावलेली आणि मार्कर कोणाच्या मांडीवर, अशा वेळी हा प्रसंग नको.

शिवाय टाकी आडवी-तिरपी झाली की द्रव मार्करमध्ये उतरतो. डाव चालू असताना तो आतले भाग गारठवतो, ओ-रिंग ताठ करतो. म्हणूनच बहुतेक इलेक्ट्रॉनिक मार्करना हा वायू वर्ज्य आहे. डाव संपल्यावर तोच मार्कर उन्हात ठेवला तर अडकलेला द्रव उकळून प्रेशर एकदम वर जातं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडवर चालणारा मार्कर सावलीत ठेवावा आणि ऊन तापलं की पुन्हा क्रोनोग्राफसमोर न्यावा. हवेच्या टाकीला उष्णतेचा त्रास त्या मानाने किरकोळ. एकवीस अंशांना 4500 पर्यंत भरलेली टाकी साठ अंशांना गेली तर 5100 च्या आसपास पोचेल, आणि तिची सुरक्षा चकती साधारण 7500 ची असते.

इथवर वाचून वाटेल, मग सोडूनच दिलेलं बरं. पण सोडणं ही काही निर्धोक क्रिया नाही, आणि वादात ही बाजू सर्वांत कमी ऐकू येते.

खटका नसलेला साधा सांधा असेल तर टाकी उलटी फिरवून काढायची. पहिल्या पाऊण वेढ्यात पिन वर येते आणि टाकी बंद होते, पण सांध्यात आणि मार्करमध्ये अजून पूर्ण प्रेशर असतं. इथे थांबून, नळी सुरक्षित दिशेला धरून, ट्रिगर दाबत आतली हवा संपवायची आणि मगच उरलेले वेढे काढायचे. घाई करणारा तसाच फिरवत राहतो. मग टाकीच्या तोंडाची ओ-रिंग, पेंटबॉलवाले जिला 015 नंबरची म्हणतात ती, दाबाने खाचेतून उसळून बाहेर येते किंवा चिरते. कार्बन डायऑक्साइडमध्ये तर आणखी एक गोष्ट होते. हा वायू रबरात मुरतो, आणि बाहेरचा दाब एकदम उतरला की आतून फुगून रबराला फोड आणि चिरा पाडतो. म्हणून जाणते खेळाडू या जागी कडक पॉलियुरेथेनची रिंग वापरतात आणि खिशात दोन-चार जादा ठेवतात. यंत्राच्या काळजीपोटी दिवसातून दहा वेळा टाकी काढणारा माणूस यंत्राची सर्वांत जास्त झीज करत असतो, ती अशी.

पुन्हा हवा भरतानाही खाचाखोचा आहेत. स्पूल जातीचा मार्कर असेल तर खटका हळू उघडावा, नाहीतर एकदम आलेल्या दाबाचा तडाखा रेग्युलेटरच्या आसनाला बसतो. पण जुन्या पद्धतीच्या, हातोडीने झडप उघडणाऱ्या मार्करमध्ये हवा फार हळू आली तर झडप घट्ट बसतच नाही आणि सगळी हवा नळीतून निघून जाते. टिपमन 98 सारख्या मार्करला तर टाकी लावण्याआधी घोडा मागे ओढून ठेवायचा असतो. म्हणजे दर वेळी टाकी लावताना मार्कर झाडायच्या तयारीत येतो. अशा यंत्रात प्रेशर वारंवार सोडणं याचा अर्थ, झाडायच्या तयारीतला मार्कर वारंवार हाताळणं.

सर्वांत वाईट शक्यता मात्र टाकीच्या झडपेची. झडप स्वतंत्र आट्यांनी टाकीत बसवलेली असते आणि ते आटे टाकी मार्करमध्ये बसवायच्या आट्यांच्याच दिशेने फिरतात. झडप चिकटवणारा द्रव निकामी झाला असेल, किंवा कोणी घरगुती दुरुस्ती करताना झडप उघडून नीट बसवली नसेल, तर टाकी फिरवताना ती मार्करमधून सुटण्याऐवजी झडपेवरूनच सुटू लागते. शेवटचा आटा सुटला की भरलेली टाकी झडप मागे सोडून बाणासारखी जाते. कॅलिफोर्नियात अशा अपघातांत दोघांचा जीव गेला, त्यांतली एक स्त्री मुलाचा खेळ बघायला आली होती. त्यानंतर 2004 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कार्बन डायऑक्साइडच्या टाक्यांबाबत जाहीर इशारा दिला. त्यावर रुळलेला उपाय अगदी घरगुती आहे: झडपेपासून टाकीच्या खांद्यापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढायची. टाकी काढताना ती रेघ तुटलेली दिसली, म्हणजे झडपेवरचा अर्धा भाग एकीकडे आणि टाकीवरचा दुसरीकडे गेला, तर तिथेच थांबायचं, टाकी तशीच ठेवून माहितगाराला बोलवायचं. ही रेघ स्वस्त मैदानांवरच्या टाक्यांवर फार क्वचित दिसते, याचं मला नवल वाटतं.

या मृत्यूंमधला दुवा लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे गोळी लागली नव्हती, मार्कर कोणाकडे रोखलेला नव्हता. टाकी काढली जात होती.

तरीही प्रेशर सोडा म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा खोडून निघत नाही. बसायच्या जागेत लोकांचे मुखवटे काढलेले असतात आणि पेंटबॉलमधली गंभीर इजा जवळपास नेहमी उघड्या डोळ्याची असते. सेफ्टीचं बटण बोटाच्या एका धक्क्याने सरकतं. घोडा ओढलेला मार्कर टेबलावरून पडला तर धक्क्याने झडू शकतो. इलेक्ट्रॉनिक मार्कर बंद करायला कोणीही विसरतं. प्रेशरच नसेल तर यातलं काहीही झालं तरी गोळी सुटणार नाही. बाकी सगळे उपाय गोळीला अडवतात, हा एकच तिच्यामागची ताकद काढून घेतो.

याला उत्तर म्हणून खेळात रूढ झालं ते नळीच्या तोंडावरचं आवरण. आधी रबरी बूच वापरायचे. एकामागून एक गोळ्या बसल्या की ते उडून जायचं. मग मजबूत कापडाची पिशवी आली, तिची इलॅस्टिक दोरी मार्करच्या मागून अडकवतात. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने या आवरणासाठी स्वतंत्र मानक केलं आहे, मुखवट्यांसाठी वेगळं, मार्करसाठी वेगळं आणि मैदान चालवण्याच्या पद्धतीसाठी आणखी वेगळं. पिशवीचा मोठा गुण असा की ती लांबून दिसते. भडक रंगाची पिशवी नळीवर आहे की नाही, हे मार्शलला वीस पावलांवरून कळतं. मार्करच्या पोटात हवा आहे की नाही, हे हातात घेऊनही चटकन कळत नाही. जो नियम एका नजरेत तपासता येतो तो पाळला जातो, आणि पन्नास माणसांच्या गर्दीत त्याचीच भिस्त धरावी लागते.

नेमबाजीच्या रेंजवर हेच दिसतं. पुण्याजवळ बालेवाडीला, किंवा जगातल्या कुठल्याही दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत, रायफलच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत हवा असते आणि दोन फैरींमध्ये ती कोणी सोडत बसत नाही. त्याऐवजी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार नळीतून आरपार जाईल अशी भडक रंगाची दोरी घालून ठेवतात. दोरी दिसते म्हणजे नळी रिकामी. सिलिंडर वैध मुदतीतला आहे की नाही ही जबाबदारी नेमबाजाची. पण तिथे गोळी एकेक हाताने भरायची असते, खेळाडू वर्षानुवर्षं शिकलेले असतात आणि प्रत्येकाची जागा आखलेली असते. पेंटबॉलच्या मार्करवर दोनशे गोळ्यांचा हॉपर बसलेला असतो आणि तो कालच पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाच्या हातात असतो. त्यामुळे नेमबाजीचा दाखला अर्धाच लागू पडतो, एवढं प्रामाणिकपणे म्हणायला हवं.

माझ्या मते सर्वांत धोकादायक अवस्था पूर्ण भरलेल्या मार्करची नसते आणि पूर्ण रित्याचीही नसते. टाकी काढलेली, पण पोटात हवा आणि नळीत गोळी, ही ती अवस्था. टाकी दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त. पिशवी लावायची कशाला, टाकी तर काढली आहे. मग कोणीतरी गंमत म्हणून ट्रिगर दाबतो. टाकी काढा असा नियम करणारी मैदानं नकळत हीच अवस्था तयार करतात, कारण नियम टाकी काढण्याचा असतो, मार्कर रिता करण्याचा नसतो. रिता करायचा तर क्रम ठरलेला आहे: मुखवटा डोक्यावर असतानाच आधी हॉपर उतरवायचा, नळीतली गोळी मोकळ्या दिशेने झाडून टाकायची, पिशवी चढवायची, खटका बंद करायचा, ट्रिगर दाबत राहायचं, आवाज पोकळ होऊन शेवटी नुसती टक-टक ऐकू आली की थांबायचं, घोडा सोडायचा आणि मग टाकी फिरवायची. हे जाळीच्या आत, क्रोनोग्राफपाशी करायचं काम आहे. बसायच्या जागेत नव्हे.

हवा वाया जाते हा आक्षेप सोडून द्यावा. एका रितेपणात चार-सहा गोळ्यांची हवा जाते. 4500 ची मोठी टाकी हजाराच्या वर गोळ्या देते.

मार्कर बनवणाऱ्यांच्या माहितीपुस्तिका याबाबत जवळजवळ एका सुरात बोलतात: वापरात नसताना, उघडण्यापूर्वी, नेताना आणि ठेवताना मार्कर रिता करा. ‘वापरात नसताना’ म्हणजे डावांमधली दहा मिनिटं धरायची का, हे मात्र त्या वाचणाऱ्यावर सोपवतात, आणि मैदानावरचे दोन्ही पक्ष त्याच पानाचा आधार घेतात. कंपनीला न्यायालयाचीही काळजी असते, म्हणून सावध बाजूला झुकणं साहजिक आहे.

आपल्याकडे मुंबई-पुणे-लोणावळा पट्ट्यात हा खेळ मुख्यतः ऑफिसच्या सहली, कॉलेजचे गट आणि वाढदिवस यांच्या जिवावर चालतो. मार्कर मैदानाचे, टाक्या मैदानाच्या, आणि खेळणाऱ्याला पाच मिनिटांची सूचना. इथे माझं मत ठाम आहे: गिऱ्हाइकाने टाकीला हात लावू नये. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा मार्कर धरला आहे त्याला पाऊण वेढ्याची आणि नेलपॉलिशच्या रेघेची बारकाई शिकवण्यापेक्षा, पिशवी चढवून घेऊन मार्कर स्टँडवर ठेवायला सांगावा आणि स्टँडजवळ मैदानाचा माणूस उभा करावा. खटके बंद करायचे ते त्याने. जेवणाची सुट्टी झाली की रिते करायचे तेही त्यानेच. स्टँडजवळ उभा करायला माणूस नसेल, तर मग मुखवटे काढायला परवानगी देऊ नये, हाच पर्याय उरतो, आणि तो कोणालाच आवडत नाही.

टाक्यांबाबत मात्र आपल्याकडे विचारणा करायला जागा आहे. दाबाखालच्या वायूचे सिलिंडर आपल्या देशात गॅस सिलिंडर नियम, 2016 खाली येतात आणि ते राबवणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरातच आहे. आयात सिलिंडरला मंजुरी, ठरावीक मुदतीने चाचणी, भरणाऱ्याला परवाना, हे सगळं त्यात येतं. टाकीच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते. खेळायला गेलात तर ती बघायला मागावी. दाखवायला टाळाटाळ झाली तर प्रेशर सोडायचं की ठेवायचं हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो.

स्वतःचा मार्कर बाळगणाऱ्याने डावांमध्ये पिशवी, बंद खटका, बंद वीज एवढ्यावर थांबायला माझी हरकत नाही, मार्कर नजरेआड होत नाही तोवर. खटका बंद करून, पिशवीतच एक-दोनदा ट्रिगर दाबून पोट रितं केलं तर आणखी उत्तम; टाकी न हलवता होणारी ही पद्धत दोन्ही पक्षांचं म्हणणं राखते, आणि खटक्याचा सांधा ही त्यासाठी करण्याजोगी पहिली खरेदी आहे. सांधा साधा असेल तर छोट्या विश्रांतीत टाकी काढण्याच्या फंदात पडू नये. कार्बन डायऑक्साइड आणि ऊन, जेवणाची सुट्टी, जवळपास खेळणारी लहान मुलं, मार्कर दुसऱ्याच्या हाती देणं, उघडून बघणं, गाडीत ठेवणं, यातलं काहीही असलं की पूर्ण रिता. आणि विश्रांती कितीही झाली तरी पुढच्या डावाआधी दोन गोळ्या क्रोनोग्राफसमोर झाडाव्यात.

घरी नेताना मार्कर रिता, पण हवेची टाकी तळापर्यंत रिकामी करू नये. दोन-चारशे पीएसआय आत ठेवलं तर बाहेरची दमट हवा शिरत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कपाटात पडणाऱ्या टाकीला हे विशेष लागू. अपवाद विमानप्रवासाचा. तिथे भरलेली टाकी नेऊ देत नाहीत, आणि बरेचदा रेग्युलेटर उतरवून आत रिकामं आहे हे दाखवायला सांगतात. तो रेग्युलेटर काढायचं आणि परत बसवायचं काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.